भावाचा आलेख वाचताना



आजच्या भाषणाचा विषय जरा नवा आहे, पण त्यामागचा प्रश्न जुनाच आहे. बिटकॉइन, ईथर आणि त्यांच्यासारखी कितीतरी आभासी नाणी आज विकली आणि विकत घेतली जातात. या सौद्यांसाठी बाजारात जावे लागत नाही, दलालाच्या पेढीची पायरी चढावी लागत नाही. खिशातल्या फोनवरच भावाचा आलेख रात्रंदिवस हलत असतो. तो आलेख पाहून ‘आता भाव चढणार’, ‘आता पडणार’ असे छातीठोकपणे सांगणारी माणसे गावोगावी निर्माण झाली आहेत. शाळा सोडून दोन-तीन वर्षे झालेला मुलगा या आलेखाच्या भरवशावर आपल्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशाविषयी बोलू लागला, की शिक्षकाला स्वस्थ बसवत नाही. म्हणून हा आलेख काय सांगतो, काय सांगत नाही, आणि तो वाचावयाचाच झाला तर कोणत्या बेताने वाचावा, एवढेच मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. नाणी घ्यावीत की घेऊ नयेत, हा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. वाचावयास शिकवणे हा मात्र माझा पेशाच आहे.

प्रथम, या बाजारात विकली जाणारी वस्तू कोणती ते पाहू. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या नावाने एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या हिशेबवहीचे पहिले पान लिहिले गेले. ही वही कोणा एका बँकेच्या तिजोरीत नाही. तिच्या सारख्याच प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत आणि प्रत्येक नवे पान ताडून पाहिल्यावरच जोडले जाते. नाण्यांची एकूण संख्या २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाही, असा तिचा नियम आहे. २२ मे २०१० रोजी अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात एका गृहस्थाने दोन पिझ्झांच्या मोबदल्यात १०,००० बिटकॉइन दिले. डिसेंबर २०२४ मध्ये तशाच एका बिटकॉइनचा भाव १ लाख डॉलरांच्या वर गेला.

हे आकडे ऐकून डोळे दिपतात. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शेताला पीक येते, घराला भाडे येते, कंपनीच्या शेअरला नफ्यातला वाटा मिळतो. बिटकॉइनला यांपैकी काहीच येत नाही. त्याची किंमत म्हणजे, पुढचा घेणारा जे द्यावयास तयार असेल ते. तो तयार का होतो? कोणाला त्याच्या मर्यादित संख्येचे मोल वाटते, कोणाला सरकारी चलनाचा भरवसा वाटत नाही, आणि पुष्कळांना आपल्यानंतर येणारा याहून अधिक देईल असे वाटते. भावाला बांधून ठेवणारा दुसरा खुंटा येथे फारसा नाही. म्हणूनच या बाजारात माणसांच्या वागण्याचा अभ्यास अधिक महत्त्वाचा ठरतो. आणि त्याच कारणाने तो अधिक फसवाही ठरतो.

आता आलेखाकडे वळू. वस्तू डोळ्यांसमोर नसताना केवळ भावाचा व्यापार करण्याची कला काही आजची नाही. जपानमधील ओसाका शहरात दोजिमा येथे तांदळाचा मोठा बाजार होता. तेथील वायद्याच्या सौद्यांना १७३० साली शोगुनच्या राजवटीने मान्यता दिली. तांदळाचा दाणाही न हलवता तांदळाच्या भावाचे सौदे तेथे होत. त्या काळी साकाता गावच्या होम्मा मुनेहिसा या तांदळाच्या व्यापाऱ्याने, भाव केवळ पिकावर अवलंबून नसून व्यापाऱ्यांच्या भीतीवर आणि हावेवरही हेलकावे खातो, हे ओळखले, असे मानले जाते. मेणबत्त्यांच्या आकाराचा जो आलेख आज फोनवर दिसतो, त्याचे जनकत्व परंपरेने याच होम्माकडे दिले जाते. आलेखाचे आजचे रूप मात्र त्याच्या पुष्कळ नंतरचे आहे.

ही मेणबत्ती, म्हणजे बाजारातल्या भाषेत ‘कँडल’, वाचणे कठीण नाही. एक कँडल म्हणजे काळाचा एक तुकडा. एक तास, एक दिवस अथवा एक आठवडा. तिच्यात चार आकडे असतात: त्या काळातला पहिला भाव, शेवटचा भाव, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा. पहिल्या आणि शेवटच्या भावामधला भाग जाड काढतात; त्याच्या वर-खाली वातीसारख्या बारीक रेषा असतात. शेवटचा भाव पहिल्याहून वर असेल तर रंग बहुधा हिरवा, खाली असेल तर तांबडा. समजा, जाड भाग लहान आहे आणि खालची वात लांब आहे. याचा अर्थ असा, की त्या अवधीत विकणाऱ्यांनी भाव पुष्कळ खाली रेटला होता, पण घेणारे पुढे आले आणि त्यांनी तो परत वर आणला. एका लहानशा चित्रात एका झटापटीची हकीकत आली. ही हकीकत खरी असते आणि ती वाचता येणे उपयोगाचेही असते.

तथापि ओसाकाचा बाजार आणि आजचा हा बाजार यांत एक भेद आहे. दोजिमाचा बाजार बंद झाला की व्यापारी घरी जात. दिवसअखेरचा भाव म्हणजे, रात्रभर जवळ बाळगावयास माणूस तयार आहे असा भाव. आभासी नाण्यांचा बाजार कधीच बंद होत नाही. त्याला रविवार नाही, सणवार नाही. बहुतेक आलेखांत दिवस बदलतो तो ग्रीनिचच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजता. त्या घटकेला कोणीही दुकान आवरत नसतो. तेव्हा ‘आज भाव अमुक ठिकाणी बंद झाला’ या वाक्याला तांदळाच्या बाजारात जे वजन होते, ते येथे नाही. जुनी अक्षरे नव्या भाषेत आली, म्हणजे त्यांचे उच्चार तेच राहतात असे नव्हे.

भावाइतकीच दुसरी गोष्ट पाहावयाची, ती उलाढाल. म्हणजे त्या भावाला माल किती विकला गेला. गोव्यातील श्रोत्यांना हे सांगावयास नको. हंगामातल्या पहिल्या मानकुराद आंब्यांना म्हापशाच्या बाजारात जो भाव येतो, तो ऐकून उरलेला सगळा हंगाम त्याच भावाने जाईल असे कोणी म्हणत नाही. माल थोडा आणि हौशी गिऱ्हाईक चार, म्हणून तो भाव. आभासी नाण्याचा भाव थोड्याशा उलाढालीवर उसळला, तर तो मुहूर्ताच्या आंब्याचा भाव समजावा. बिटकॉइनसारख्या मोठ्या नाण्यात हे कमी घडते. ज्यांची नावेही आपण ऐकलेली नसतात अशा किरकोळ नाण्यांत मात्र नेहमीच घडते.

तिसरी गोष्ट म्हणजे आधार आणि अडथळा. पडणारा भाव काही विशिष्ट ठिकाणी थांबतो, चढणारा भाव काही विशिष्ट ठिकाणी अडतो, असे दिसते. यात जादू नाही. माणसाची आठवण आहे. ज्याने एखाद्या भावाला नाणे घेतले आणि मग तोटा सोसला, तो ‘माझे पैसे सुटले की मी मोकळा’ असे म्हणत तो भाव परत येण्याची वाट पाहत असतो. तो आला की अशी अनेक माणसे एकदम विकावयास निघतात आणि भाव अडतो. पूर्णांकांचेही तसेच. एक लाख डॉलर या आकड्यात नव्याण्णव हजारांहून निराळे असे काही नाही. पण माणसाच्या मनात आहे, म्हणून बाजारातही आहे. शिवाय हजारो लोक एकच रेषा पाहत असले, म्हणजे ती रेषा काही काळ खरी ठरते, आणि ज्या दिवशी ती मोडते त्या दिवशी सगळेच एका दाराने बाहेर पडू पाहतात.

येथपर्यंत आलेखाची बाजू मी मांडली. आता दुसरी बाजू पाहू.

आपल्या डोळ्याला आकृती शोधण्याची खोडच आहे. ढगांत आपल्याला हत्ती-घोडे दिसतात. घरी एक प्रयोग करून पाहावा. चौकडीचा कागद घ्यावा आणि एक रुपयाचे नाणे शंभर वेळा उडवावे. छापा पडला तर एक घर वर, काटा पडला तर एक घर खाली, अशी रेषा ओढत जावे. त्या रेषेत आपल्याला तेजी दिसेल, मंदी दिसेल, ‘आधार’ दिसेल आणि आलेखपंडित ज्याला ‘डोके आणि खांदे’ म्हणतात तो आकारही कदाचित दिसेल. शंभर वेळा नाणे उडवले असता सलग पाच वेळा एकच बाजू पडणे हे नवल नव्हे. ते न घडणे हेच नवल होय. शिकागो विद्यापीठातील प्राध्यापक हॅरी रॉबर्ट्स यांनी १९५९ साली, केवळ यदृच्छेने काढलेल्या आकड्यांतून शेअरबाजारासारखे हुबेहूब आलेख तयार होतात, हे एका निबंधात दाखवून दिले होते. तात्पर्य, आकृती दिसली एवढ्यावरून तिच्यामागे कारण आहे असे सिद्ध होत नाही.

आपल्याकडे याचा धडा फार जुना आहे. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील उघडत्या आणि बंद भावांचे आकडे तारेने मुंबईस येत आणि त्यांवर लोक पैसे लावीत. हाच तो ‘आकडा’. १९६० च्या दशकाच्या आरंभी ते आकडे येणे थांबले आणि मडक्यातून चिठ्ठ्या काढणारा ‘मटका’ सुरू झाला. कापूस गेला, बाजार गेला, उरल्या त्या नुसत्या चिठ्ठ्या. तरीही मागील आकड्यांचे तक्ते विकत घेऊन, रात्र रात्र जागून उद्याचा आकडा काढणारी माणसे होतीच. कापसाच्या भावामागे निदान पाऊस होता, गिरण्या होत्या. चिठ्ठीमागे काहीच नव्हते. पण तक्ता वाचणाऱ्याच्या डोळ्याला दोन्ही सारखेच दिसत.

मग कारण असलेला क्रम कोणता आणि नुसती आकृती कोणती, हे कसे ओळखावे? एक उदाहरण देतो. सुमारे दर चार वर्षांनी नव्या बिटकॉइनांची आवक निम्मी होते. आरंभी वहीचे एक पान जोडणाऱ्यास ५० नाणी मिळत. २०१२ साली ती २५ झाली, २०१६ साली साडेबारा, २०२० साली सव्वासहा आणि एप्रिल २०२४ पासून सव्वातीनहून किंचित कमी. आवक घटली की भाव चढतो, हे कोणत्याही मंडईत कळते. म्हणजे येथे कारण आहे. पण पुरावा किती, तर चार वेळांचा. चार चाचण्यांवरून एखाद्या विद्यार्थ्याचे सगळे भवितव्य मी सांगू लागलो, तर आपण मला हसाल. शिवाय पहिल्या तीन खेपांना नवा उच्चांक आवक घटल्यानंतर आला. २०२४ साली तो महिनाभर आधीच, मार्चमध्ये, आला. कारण जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत बिटकॉइनवर आधारलेल्या फंडांना परवानगी मिळाली आणि नवा पैसा आत आला. ही गोष्ट मागच्या आलेखात कोठेच लिहिलेली नव्हती.

आलेखात न दिसणाऱ्या गोष्टी याहूनही गंभीर असतात. २०१३ च्या अखेरीस अवघ्या दोन महिन्यांत बिटकॉइनचा भाव सुमारे १५० डॉलरांवरून १,००० डॉलरांवर गेला. आलेखावर ती शुद्ध तेजी दिसे. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात नील गँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, टोकियोतील माउंट गॉक्स या पेढीवरच्या संशयास्पद खात्यांतील खरेदीमुळे हा चढ झाला असावा, असा निष्कर्ष मांडला. ती पेढी फेब्रुवारी २०१४ मध्ये दिवाळ्यात निघाली आणि सुमारे साडेआठ लाख नाणी नाहीशी झाल्याचे तिने जाहीर केले. त्यांतली दोन लाख पुढे सापडली. मे २०२२ मध्ये लुना नावाच्या नाण्याचा भाव सुमारे ८० डॉलरांवरून आठवड्याभरात जवळजवळ शून्यावर आला. ‘आता आधार लागेल’ म्हणून वाटेत ज्यांनी ते घेतले, त्यांच्या पायांखाली जमीनच नव्हती. त्याच्या जोडीचे दुसरे नाणे सावरण्यासाठी नवी लुना नाणी एकसारखी पाडली जात होती. त्यांची संख्या पस्तीस कोटींच्या आसपास होती, ती काही दिवसांत साडेसहा लाख कोटींवर गेली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला एफटीएक्स ही मोठी पेढी बुडाली आणि गिऱ्हाइकांचा पैसा भलतीकडे वळवल्याबद्दल तिच्या संस्थापकास मार्च २०२४ मध्ये २५ वर्षांची शिक्षा झाली. भाव अचूक ओळखला, पण पैसे ठेवलेली पेढीच बुडाली, तर त्या अचूकपणाचे काय करावयाचे?

यानंतर उसनवारीचा विचार. हाती १०,००० रुपये असताना पेढी १ लाखाचा सौदा करू देते. भाव दहा टक्के चढला तर पैसे दुप्पट, असे सांगितले जाते. पण तो दहा टक्के उतरला की मुद्दल संपते, आणि पेढी वाट न पाहता नाणी विकून टाकते. त्या सक्तीच्या विक्रीने भाव आणखी उतरतो, मग पुढच्याची पाळी येते. पत्त्यांचा बंगला कोसळावा तसे हे घडते. १२ मार्च २०२० रोजी, कोरोनाच्या भीतीने सगळे बाजार हादरले असता, बिटकॉइनचा भाव एका दिवसात तिसऱ्या हिश्शाहून अधिक कोसळला. ज्याने उसने घेतले नव्हते, त्याला वर्षअखेरीपर्यंत भाव परत मिळाला. ज्याने घेतले होते, तो दुपारीच बाजारातून बाहेर फेकला गेला होता. पुढे भाव चढणार हे त्याचे मत खरे ठरले. त्याचा उपयोग मात्र त्याला झाला नाही.

गणिताचा एक नियम येथे सांगावासा वाटतो. पन्नास टक्के पडलेला भाव पूर्ववत होण्यास शंभर टक्के चढावा लागतो. डिसेंबर २०१७ मध्ये १९,००० डॉलरांच्या वर असलेला बिटकॉइन वर्षभरात ३,२०० डॉलरांच्या आसपास आला, म्हणजे सहा भागांपैकी पाच भाग गेले. मूळ ठिकाणी येण्यास तो सहापट व्हावा लागला आणि त्यास डिसेंबर २०२० उजाडला. तीन वर्षे! मुलीचे लग्न, आजारपण, कॉलेजची फी या गोष्टी तीन वर्षे थांबत नाहीत.

आपल्या देशातील कायद्याचाही हिशेब करावा. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पुढे २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नफ्यावर ३० टक्के कर बसवला आणि तोटा नफ्यातून वजा करण्यास मनाई केली. समजा, एका नाण्यात आपल्याला १ लाख रुपये नफा झाला आणि दुसऱ्यात तेवढाच तोटा. हाती आले शून्य. परंतु कर ३०,००० रुपये, शिवाय उपकर. वारंवार घेणे-विकणे करणाऱ्याचा आलेख कितीही चांगला वाचला गेला, तरी ही गळती त्याला दिसत नाही. आणि वाचन किती जणांना साधते? सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, शेअरबाजारातील वायदे आणि ऑप्शन यांचे सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के व्यक्तींना तीन वर्षांत तोटाच झाला. तो बाजार निराळा आहे, त्यावर देखरेखही अधिक आहे. तरीही ही स्थिती आहे. आलेख त्या सर्वांच्याच समोर होता.

मग आलेख पाहूच नये काय? माझे म्हणणे तसे नाही. आलेख म्हणजे गर्दीच्या पावलांचे ठसे. गर्दी कोठून आली, कोठे थबकली, कोठे घाबरून पळाली, हे ठशांवरून कळते. ती उद्या कोठे जाईल, हे ठशांवर लिहिलेले नसते. एखादे नाणे पूर्वी किती खाली गेले होते, हे पाहून ‘एवढी घसरण माझ्या घराला सोसेल काय?’ हा प्रश्न स्वतःला विचारता येतो. आलेखाचा सर्वांत प्रामाणिक उपयोग हाच आहे, आणि नेमका हाच उपयोग कोणी शिकवत नाही.

शेवटी घरातल्या वडील मंडळींना एक विनंती. मुलगा या नादास लागला असेल तर त्याची चेष्टा करू नका, त्याच्यावर ओरडूही नका. तो चोरून करू लागेल एवढेच. त्याला एक वही आणून द्या. आज तारीख अमुक, भाव अमुक, पंधरा दिवसांनी तो अमुक होईल असे मला वाटते, आणि त्याचे कारण अमुक, असे त्याने शाईने लिहावे. एक पैसाही न लावता तीन महिने त्याने हे करावे आणि खाडाखोड करू नये. आपली बरोबर आलेली भाकिते माणसाच्या लक्षात राहतात आणि चुकलेली विसरतात. वही काहीच विसरत नाही. तीन महिन्यांनी बापलेकांनी ती एकत्र बसून उघडावी आणि बरोबर किती, चूक किती, हे मोजावे. ‘कारण’ या रकान्यात केवळ आकृतीचे नाव किती वेळा आले आणि खरे कारण किती वेळा आले, तेही पाहावे. ही परीक्षा स्वस्त आहे. बाजार जी परीक्षा घेतो, तिची फी फार मोठी असते आणि ती पुष्कळदा दुसऱ्याच कोणाच्या तरी कष्टाच्या पैशातून भरली जाते.